पुस्तक उघडण्याआधी: लहान मुलांना पियानो शिकवायला घेताना

पाच-सहा वर्षांचं मूल पियानोसमोर पहिल्यांदा बसलं की काय करतं? दोन्ही पंजे पसरून जमतील तेवढ्या पट्ट्या एकदम दाबतं आणि मागे वळून तुमच्या तोंडाकडे बघतं. बहुतेक नवे शिक्षक इथं "असं नाही हं करायचं" म्हणतात, पुस्तक उघडतात आणि सूर लिहायच्या पाच रेघा दाखवायला लागतात. मीही तेच करत होते. माझी अगदी सुरुवातीची एक विद्यार्थिनी चार महिन्यांत अर्ध्या पुस्तकापर्यंत पोचली. घरचे खूश, मीही खूश. एके दिवशी सहज पुस्तक मिटलं आणि म्हटलं, "आता न बघता वाजव." तिला जमेना. बरं, अंगठ्याऐवजी दुसऱ्या बोटानं सुरू कर म्हटलं, तर हात जागच्या जागी थिजला. तिला गाणं येतच नव्हतं. तिला पान येत होतं.

तेव्हापासून माझा क्रम उलटा झाला. आधी कान आणि हात, त्यांच्या सोबतीनं लय, आणि डोळे सगळ्यांत शेवटी. पहिले दोन-तीन महिने पुस्तक जवळजवळ बंदच. ज्यांना स्वतःला बऱ्यापैकी पियानो येतो आणि आता पाच ते आठ वर्षांच्या मुलांना शिकवायचं मनात आहे, त्यांच्यासाठी हा क्रम लिहिते आहे.

मूल तयार आहे का?

पालक वय सांगतात, पण वयावरून फारसं कळत नाही. पहिल्या भेटीत मी तीन-चार गोष्टी बघते. टाळीच्या ठेक्याबरोबर मूल आठ-दहा टाळ्या देऊ शकतं का? डावा हात, उजवा हात म्हटल्यावर विचार करून का होईना, बरोबर हात वर होतो का? टेबलावर पंजा ठेवून नुसतं मधलं बोट उचल म्हटलं तर बाकीची बोटं थोडीफार खाली राहतात का? आणि एका खेळात ते पाच मिनिटं रमतं का? यातलं बरंचसं जमत असेल तर पाचव्या वर्षीही सुरू करा. जमत नसेल तर सातव्या वर्षीही आधी काही आठवडे गाणं, टाळ्या, ठेक्यावर चालणं एवढंच करा. त्यात काही वाया जात नाही.

अक्षरं वाचता येणं गरजेचं नाही. पाचपर्यंत आकडे ओळखता आले की झालं.

वाद्य आणि बैठक

पूर्ण पियानोला ८८ पट्ट्या असतात, ५२ पांढऱ्या आणि ३६ काळ्या. पहिल्या वर्षात एवढ्या लागत नाहीत. ६१ पट्ट्यांवर भागतं. पण दोन बाबतींत तडजोड करू नका. एक, पट्टीची रुंदी नेहमीची हवी. खेळण्यातल्या अरुंद पट्ट्यांवर हाताला जे अंतर बसतं ते नंतर पूर्ण मोडून पुन्हा बसवावं लागतं. दोन, हळू दाबलं की आवाज हळू आणि जोरात दाबलं की जोरात, हे त्या वाद्यात झालंच पाहिजे. इटलीत फ्लॉरेन्सला बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं १७०० च्या सुमारास पियानो घडवला, त्यात नवं होतं ते नेमकं हेच. पियानोच्या आधीचं पट्ट्यांचं वाद्य म्हणजे हार्पसिकॉर्ड, त्याची पट्टी कशीही दाबा, आवाज जवळपास तेवढाच. पियानोत हातोडी तारेवर आपटते, म्हणून बोटाचा वेग आवाजात उतरतो. हे जिथं होत नाही त्या कीबोर्डवर मूल पट्टी बटणासारखी दाबायला शिकतं. डिजिटल पियानो घ्यायचा असेल तर वजनदार पट्ट्यांचा, म्हणजे हॅमर ॲक्शनचा बघा. तारांचा पियानो असेल तर त्याचं ट्यूनिंग वेळच्या वेळी करून घ्या. कानावरच सगळा भर देणार असलो तर बेसूर वाद्य चालणार नाही.

बैठकीबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण हाताच्या निम्म्या तक्रारी खुर्चीत असतात. एक मुलगा माझ्याकडे यायचा, त्याचे खांदे सतत कानाला लागलेले. "खांदे खाली" म्हटलं की खाली, दोन सुरांनंतर पुन्हा वर. महिनाभर मी खांद्यांच्या मागे लागले होते. मग एकदा खाली वाकून पेन्सिल उचलताना त्याचे पाय दिसले: हवेत लोंबकळत होते आणि तोल सांभाळायला एकमेकांत अडकवलेले. पायांना आधार नाही म्हणून तो हातांवर रेलत होता. पायाखाली एक पक्का पाट सरकवला. खांदे आपोआप खाली आले. तेव्हापासून मी आधी पाय बघते, मग हात.

मोजमाप सोपं आहे. मूल बेंचच्या पुढच्या अर्ध्या भागावर बसलेलं असावं. कोपर पट्ट्यांच्या उंचीला किंवा किंचित वर, म्हणजे कोपरापासून मनगटापर्यंतचा हात जमिनीला समांतर येतो. हात पुढं ताठ करून मूठ वळली तर ती पट्ट्यांच्या मागच्या लाकडाला टेकेल एवढं अंतर. पाय पूर्ण टेकलेले, जमिनीवर नाहीतर स्टुलावर. उंची कमी पडली तर मऊ उशी नको, त्यात मूल रुततं आणि डोलतं. रबरी चटईचे तुकडे किंवा घट्ट गादी बरी. आणि वाढत्या वयाची मुलं, दर दोन-तीन महिन्यांनी हे पुन्हा तपासा.

पहिला तास

अर्ध्या तासाहून जास्त नको. त्यातही दर चार-पाच मिनिटांनी काहीतरी बदललं पाहिजे: कधी बसून, कधी उभं राहून, कधी पियानोपासून लांब.

सुरुवात आवाजापासून. डावीकडची अगदी टोकाची पट्टी, मग उजवीकडची. "हा कोणाचा आवाज?" डावीकडचा हत्ती, उजवीकडचा उंदीर, हे मुलंच सांगतात. पियानोवर उजवीकडे म्हणजे वर आणि डावीकडे म्हणजे खाली, ही गोष्ट आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ती शिकवावी लागते हेच विसरायला होतं. मुलाच्या दृष्टीनं वर म्हणजे छत. म्हणून पहिले काही आठवडे मी "वर" म्हणताना हात छताकडेही नेते आणि मग उजवीकडेही.

मग काळ्या पट्ट्या. त्या दोन-दोन आणि तीन-तीनच्या गटांत आहेत हे सांगू नका. "सगळ्या काळ्या पट्ट्या सारख्याच अंतरावर आहेत का गं?" एवढं विचारा आणि गप्प बसा. ते शोधल्यावर मुलाच्या चेहऱ्यावर जे येतं ते सांगून येत नाही. नंतर सगळ्या जोड्या शोधून वाजवायच्या, डावीकडून उजवीकडे, दोन बोटांनी. मग तीनचे गट, तीन बोटांनी. पट्ट्यांचा नकाशा असाच डोक्यात बसतो. पांढऱ्या पट्ट्यांची नावं नंतर या गटांवरच टांगायची असतात: दोन काळ्यांच्या डावीकडे सी, दोघींच्या मध्ये डी, तीन काळ्यांच्या डावीकडे एफ.

तिसरा खेळ ऐकण्याचा. एक सूर वाजवून पट्टी दाबून धरायची, डोळे मिटायचे, आवाज पूर्ण विरला की हात वर. खालच्या सुरांना खूप वेळ लागतो, वरचे झटकन विरतात. वर्गात कधी नव्हे ती शांतता होते. याचाच उलटा खेळ म्हणजे आवाज न करता पट्टी तळापर्यंत न्यायची. अगदी सावकाश दाबली तर हातोडी तारेपर्यंत पोचत नाही आणि सूर उमटतच नाही. बोटावर ताबा ठेवायचा हा पहिला व्यायाम, पण मुलाला तो चोरपावलांनी चालल्यासारखा वाटतो.

शेवटची पाच मिनिटं दोघांनी मिळून वाजवायचं. मूल उजव्या बाजूला, नुसत्या काळ्या पट्ट्या, हव्या त्या, हव्या त्या क्रमानं. मी खाली डाव्या हातानं काळी तीन (तीन काळ्यांच्या गटातली पहिली) आणि काळी एक (दोन काळ्यांच्या गटातली पहिली) अशी जोडी संथ ठेक्यात चालू ठेवते. चुकीचा सूर लागूच शकत नाही, कारण काळ्या पट्ट्यांत अर्ध्या स्वराचं अंतर कुठंच नाही. काळी तीनला सा मानलं तर हातात भूप येतो, काळी एकला मानलं तर दुर्गा. पाच वर्षांच्या मुलाला हे सांगायचं नाही अर्थातच. पण पहिल्याच दिवशी घरी जाताना ते म्हणतं, "मी पियानो वाजवला," आणि ते खरं असतं.

बोटं आणि हात

बोटांचे आकडे दुसऱ्या आठवड्यात. दोन्ही हातांचे अंगठे १, करंगळ्या ५. कोणी आधी गिटार किंवा व्हायोलिन धरलं असेल तर त्याचं पहिलं बोट म्हणजे तर्जनी असते, तेव्हा विचारून घ्या. कागदावर पंजा ठेवून बाह्यरेषा काढायची, बोटांवर आकडे टाकायचे, आणि मग "डावा तीन! उजवा पाच!" असा झटपट खेळ. दहा वेळा चुकलं तरी चालतं.

हाताच्या आकाराबद्दल "मुठीत चेंडू धरल्यासारखा हात ठेव" हे सगळीकडे ऐकायला मिळतं. मला ते फारसं पटत नाही. चेंडू म्हटलं की मूल चेंडू घट्ट धरतं आणि मनगट कडक होतं. त्यापेक्षा हात बाजूला सैल सोडायला सांगा, दोनदा हलवा, मग तो तसाच गुडघ्यावर टेकवा. गुडघ्याच्या गोलाव्यावर जो आकार होतो तोच उचलून पट्ट्यांवर ठेवायचा. अंगठा नखाच्या कडेवर टेकतो, आडवा झोपत नाही. नखं कापलेली हवीत हे घरी सांगायला विसरू नका. लांब नखांचं मूल बोटं सपाटच ठेवणार.

लहान मुलांच्या बोटाचं टोकाचं पेर दाबल्यावर आत मोडतं. त्यावरून रोज टोकू नका. या वयात सांधे सैल असतात आणि ताकद हळूहळू येते. पहिल्या काही आठवड्यांत तिसऱ्या बोटाला अंगठ्याचा आधार देऊन, दोन्हींची टोकं जुळवून वाजवू द्या. हाताचं वजन त्या एका बोटावर नीट पडायला शिकलं की बाकीची चार बोटं सोपी जातात. करंगळी आणि चौथं बोट सगळ्यांत शेवटी.

सुरुवात काळ्या पट्ट्यांवरून करायची आणखी एक सोय आहे. लांब बोटं उंच पट्ट्यांवर आणि आखूड बोटं पांढऱ्यांवर असली की हात आपसूक नैसर्गिक आकारात बसतो. संगीतकार आणि पियानोवादक शोपँ आपल्या विद्यार्थ्यांचा हात ई, एफ शार्प, जी शार्प, ए शार्प आणि बी (मध्ये तीन काळ्या, दोन्ही टोकांना पांढऱ्या) या पाच पट्ट्यांवर ठेवून सुरुवात करायचा, ते यासाठीच. पाचही बोटं सलग पांढऱ्यांवर ठेवणं हाताला त्यापेक्षा अवघड आहे, फक्त छापायला सोपं आहे.

मोर, चिमणी, साप

लय मोजून शिकवायला जाऊ नका. पाच वर्षांच्या मुलाला "एक दोन तीन चार" म्हणजे वस्तू मोजणं. मात्रा मोजणं ही त्याच्या डोक्यात वेगळीच गोष्ट आहे. शब्द वापरा. "मोर" एका मात्रेचा. "चिमणी" म्हणताना चिम-णी असे दोन तुकडे पडतात, म्हणून अर्ध्या-अर्ध्या मात्रेचे दोन सूर. "साऽप" लांबवून दोन मात्रांचा. आणि गप्प बसायची मात्रा आली की तळवे उलटे करायचे. आता म्हणा: मोर, मोर, चिमणी, मोर. चालता चालता म्हणा, टाळीवर म्हणा, मग एकाच पट्टीवर वाजवा. मुलं स्वतःच्या रांगा लावतात: चिमणी चिमणी साऽप. पुढं नोटेशनमध्ये, म्हणजे लिहिलेल्या संगीतात, तीच चिन्हं भेटली की ती ओळखीची असतात, फक्त चेहरा नवा.

एक खबरदारी घ्या. ठेका तुम्ही धरा, मुलाला धरायला लावू नका. मेट्रोनोम (ठरावीक वेगानं ठोके देणारं यंत्र) या वयात बहुधा उपयोगाचा नाही. मूल त्याच्याशी भांडतं. तुम्ही खालच्या सुरांत ठेका धरून वाजवलंत तर ते त्यात चालायला लागतं. आणि बरोबर वाजवताना मुलानं सूर चुकवला तर थांबू नका. थांबलात तर ते शिकतं की चूक झाली की लय सोडायची, आणि ही सवय मोठेपणीसुद्धा जात नाही.

कानानं गाणं शोधणं

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापासून एखादं बडबडगीत, जे मुलाला पाठ आहे आणि ज्यात तीन-चारच सूर आहेत, ते पियानोवर शोधायचं. वाजवून दाखवू नका. आधी दोघांनी गायचं. मग गातानाच हात हवेत वर-खाली न्यायचा. मग मी सुरुवातीची पट्टी देते आणि एकच प्रश्न विचारते: "पुढचा सूर वर, खाली, की तिथंच?" मूल गातं, थांबतं, म्हणतं, "वर." वाजवून बघतं, फार वर गेलेलं असतं, नाक मुरडतं, एक पट्टी मागे येतं. हा नाक मुरडण्याचा क्षण मला फार मोलाचा वाटतो. मी काही बोललेले नसते, कानानंच सांगितलेलं असतं.

दोन ओळी शोधायला एक अख्खा तास गेला तरी जाऊ द्या. पुढच्या आठवड्यात तेच गाणं दुसऱ्या पट्टीवरून, दुसऱ्या बोटानं, डाव्या हातानं. आणि हो, पहिल्या परिच्छेदातली माझी चूक टाळायची जागा हीच. मुलाच्या मनात "१ म्हणजे सी" अशी गाठ फार लवकर बसते, कारण बोट आणि पट्टी आठवडेन् आठवडे एकत्र असतात. गाणं जागा बदलत राहिलं की ती गाठ बसतच नाही.

इथं एक प्रश्न घरोघरी येतो: सारेगम शिकवायचं की सी-डी-ई? माझं उत्तर, दोन्ही, पण कामं वेगळी वाटून. सी हे पट्टीचं नाव आहे, ते कधी हलत नाही. सा ही गाण्यातली जागा आहे, ती कुठल्याही पट्टीवर बसते. "आज सा कुठं बसलाय?" असं विचारलं की मुलांना ते चटकन कळतं. पांढरी एक (म्हणजे सी) हीच सा अशी कायमची जोडी मात्र लावू नका. ती लावली की सारेगमचा सगळा फायदा गेला, नुसती दुसरी नावं पाठ करायला दिल्यासारखं झालं.

आता पुस्तक

दोन-तीन महिन्यांनी मूल पाच-सहा छोटी गाणी न बघता वाजवत असेल, तर डोळ्यांना बोलवा. लगेच पाच रेघा नकोत. आधी एकच रेघ: रेघेवरचा गोळा, रेघेच्या वरचा, रेघेच्या खालचा. मग दोन रेघा. वाचन म्हणजे प्रत्येक गोळ्याचं नाव सांगणं नव्हे, मागच्या गोळ्यापासून हा किती लांब हे बघणं. रेघेवरून लगतच्या फटीत गेला तर शेजारची पट्टी. रेघेवरून पुढच्या रेघेवर गेला तर मधली एक गाळून. या दोन गोष्टींवर महिनाभर राहा.

पाच रेघा आल्या की तीन खुणेचे दगड पुरतात. मधला सी, जो ८८ पट्ट्यांच्या पियानोवर डावीकडून चौथा सी असतो. वरच्या पाच रेघांत जी: ट्रेबल क्लेफचं, म्हणजे रेघांच्या सुरुवातीला असलेल्या चिन्हाचं, वेटोळं खालून दुसऱ्या रेघेभोवती फिरतं, तीच जीची रेघ. खालच्या पाच रेघांत एफ: तिथल्या चिन्हाचे, म्हणजे बास क्लेफचे, दोन ठिपके ज्या रेघेला मधोमध धरतात, ती एफची. बाकी सगळं या तिघांपासून पावलं मोजून सापडतं. प्रत्येक रेघेचं नाव लक्षात राहावं म्हणून वाक्य पाठ करून घेण्याची पद्धत आहे, पण त्यात मूल दर सुराला वाक्य पहिल्यापासून म्हणतं आणि तोवर गाणं कधीच पुढं गेलेलं असतं.

गोळ्याखाली नाव लिहून देऊ नका. लिहिलंत की डोळे नावच वाचतात, गोळा बघतच नाहीत. आणि नाव पुसलं की मूल पुन्हा पहिल्या दिवसावर. पट्ट्यांवरच्या रंगीत स्टिकरांचंही तेच. फारच अडलं तर मधल्या सीवर एक ठिपका लावा आणि दोन आठवड्यांनी काढून टाका.

दोन्ही हात एकत्र आणायची घाई सगळ्यांनाच असते, विशेषतः पालकांना. आधी हात आळीपाळीनं: एक ओळ उजवा, एक ओळ डावा. मग डावा हात एकच सूर धरून ठेवतो आणि उजवा फिरतो. त्यानंतर दोन्ही अंगठ्यांपासून बाहेरच्या दिशेनं, एकदम. तेव्हा दोन्ही हातांची तीच बोटं एकाच वेळी पडतात, म्हणून ते सोपं. दोन्ही हात एकाच दिशेनं नेणं त्याहून कितीतरी अवघड, कारण इकडे १ तर तिकडे ५. दिसायला मात्र तेच सोपं वाटतं, आणि बरेच शिक्षक नेमकं तिथूनच सुरू करतात.

घरचा सराव आणि घरचे लोक

फ्रेंच संगीतकार फ्रान्स्वा कूपरँनं १७१६ मध्ये हार्पसिकॉर्डवादनावर पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की मुलांना सहाव्या-सातव्या वर्षी सुरुवात करावी, आणि आपण नसताना त्यांना सराव करू देऊ नये. पाऊण तासात जे शिकवलं ते क्षणात बिघडू नये म्हणून तो वाद्याला कुलूप लावून किल्ली सोबत घेऊन जायचा. आज किल्ली नेता येणार नाही, पण त्याची भीती खोटी नव्हती. आठवड्यातून एक दिवस तुमच्याकडे आणि सहा दिवस घरी. हात खरा घडतो तो त्या सहा दिवसांत.

म्हणून सराव "रोज अर्धा तास" असा देऊ नका. मिनिटं दिली की मूल घड्याळाकडे बघतं. काम द्या: हा तुकडा तीनदा, हे गाणं बाबांना गाऊन एकदा, काळ्या पट्ट्यांवर स्वतःचं काहीतरी एकदा. यात सात-आठ मिनिटं जातात, तेवढी पुरे. आठवड्यातून पाच दिवस सात मिनिटं बसलेलं मूल, रविवारी एकदम चाळीस मिनिटं बसवलेल्या मुलाच्या पुढं जातं. तीनदा मोजायला पियानोच्या डावीकडे तीन मणी ठेवायचे आणि प्रत्येक वेळी एक उजवीकडे सरकवायचा. मोठ्या माणसांना हे बालिश वाटतं, मुलं मात्र मण्यांसाठी चौथ्यांदाही वाजवतात.

चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, ही खोड बहुतेक मुलांना आपसूक लागते. परिणाम असा की गाण्याची सुरुवात शंभरदा वाजते आणि शेवट दहादा. मी मुद्दाम शेवटची ओळ आधी शिकवते, मग तिच्या आधीची. वाजवताना मूल अनोळखी जागेकडून ओळखीच्या जागेकडे जातं आणि शेवटाला धीर सुटत नाही.

पहिले आठ-दहा तास आई किंवा बाबांपैकी एकाला वर्गात बसवा, आणि दर वेळी त्यांनाच. पण त्यांचं काम स्पष्ट सांगा: आठवण करायची, दुरुस्ती करायची नाही. आतल्या खोलीतून आलेला "चुकलं!" हा आवाज मुलाला पियानोपासून जितका लांब नेतो तितकं दुसरं काही नेत नसेल. त्याऐवजी पालकांनी "हे कोणतं गाणं? मला शिकव ना" म्हणावं. मुलं फार कडक शिक्षक असतात. आईची बोटं नीट करताना त्यांचीही नीट होतात.

अडलं तर

मूल बेंचवरून खाली घसरतं, टेबलाखाली जातं, "नको" म्हणतं. बहुतेक वेळा तुम्ही एकाच गोष्टीवर फार वेळ राहिलेले असता. उठा, ठेक्यावर चाला, मग परत या.

फार वेगानं वाजवणाऱ्या मुलाला "हळू" सांगून काही होत नाही. "कासव वाजवतंय असं वाजव" म्हटलं तर होतं, आणि त्याहून चांगलं म्हणजे तुम्ही सोबत संथ वाजवा.

एका वेळी एकच दुरुस्ती. मनगट, बोट, लय आणि सूर हे चारही बिघडलेलं दिसत असतं तुम्हाला, मला माहीत आहे. एक निवडा, बाकी तीन पुढच्या आठवड्यावर टाका. शाबासकीही नेमकी द्या. "छान" ऐकून मुलाला काही कळत नाही. "शेवटचा सूर तू पूर्ण विरेपर्यंत धरलास" म्हटलं की पुढच्या वेळी तो नक्की धरलेला असतो.

रडू आलं तर तास तिथंच संपवा, पण आधी मुलाला येत असलेलं काहीतरी वाजवून घ्या, एक सूर का होईना.

पेडल पाय पोचेपर्यंत थांबू शकतं. कुतूहल असेल तर तुम्ही पेडल दाबून धरा आणि मुलाला काळ्या पट्ट्यांवर सोडा. सगळे सूर एकमेकांत मिसळत जातात. मग पाय उचला. एकदम शांत. दहापैकी नऊ मुलं म्हणतात, "पुन्हा!"